दहावीनंतर सुटलेले गणित घरी बसून बारावीपर्यंत कसे न्यावे?

प्रश्न
मी मराठी माध्यमातून दहावी झालो आणि पुढे कला शाखा घेतल्यामुळे गणिताशी संबंध तुटला. आता वयाच्या २९ व्या वर्षी, नोकरी सांभाळून, रोज दीड तास काढून अकरावी-बारावीचे गणित शिकायचे ठरवले आहे. शिकवणीचे शुल्क परवडणारे नाही. तीन महिने खान अकॅडमीचे व्हिडिओ पाहतो आहे. पाहताना सगळे समजते, पण एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातील सीमा (लिमिट) आणि अवकलज (डेरिव्हेटिव्ह) या प्रकरणाचा स्वाध्याय उघडला की गाडी अशा उदाहरणांना अडते. क्ष ३ कडे जाताना (क्ष² − ९) ÷ (क्ष − ३) ची सीमा काढायची असते. क्षच्या जागी ३ घातले तर शून्य भागिले शून्य येते. मग (क्ष − ३) कापून टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

उत्तर १
मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो आणि तुमचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण वर्गातील बहुतेक मुले तो न विचारताच कापाकापी करतात. सीमा काढताना क्ष ३ च्या कितीही जवळ जातो, पण ३ होत नाही. म्हणून (क्ष − ३) कधीच शून्य नसतो आणि त्याने भागणे पूर्णपणे वैध आहे. क्ष = २.९ घेतल्यास उत्तर ५.९ येते, २.९९ घेतल्यास ५.९९, आणि पलीकडून ३.०१ घेतल्यास ६.०१. सीमा ६. हेच फल (फंक्शन) जिओजेब्रा या आलेख काढण्याच्या मोफत साधनात काढून पाहा: आलेख सरळ रेषेसारखा दिसेल, पण क्ष = ३ ला त्याचे मूल्य मिळणार नाही.

अडचण सीमेत असेल असे मला वाटत नाही. पुष्कळदा ती अवयव पाडणे, अपूर्णांक आणि घातांक यांत असते, कारण दहावीनंतर हात सुटलेला असतो. म्हणून दोन-तीन आठवडे नववी-दहावीच्या बीजगणितालाच द्या. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य उतरवून घेता येतात. त्यानंतर फल, त्रिकोणमिती, मग सीमा आणि अवकलज हा क्रम धरा. संकलनाकडे (इंटिग्रेशनकडे) त्यानंतरच वळा. एनसीईआरटीचे पुस्तक मुख्य ठेवा आणि सरावासाठी त्यांचेच एक्झेम्प्लर हे जादा उदाहरणांचे पुस्तक घ्या. दोन्हींत उत्तरे दिलेली आहेत. व्हिडिओ मात्र उदाहरण वाचून होताच थांबवा आणि ते आधी स्वतः वहीत सोडवा. पाहताना समजलेले आणि हाताला बसलेले यांत मोठे अंतर असते.

उत्तर २
वरील उत्तराशी मी सहमत आहे. मीही मराठी माध्यमातून आले आणि बारावीचा अभ्यास नोकरी करतानाच एकटीने केला, म्हणून दोन गोष्टी सांगते. पहिली परिभाषेची: वहीच्या मागे एक पान राखून फल म्हणजे फंक्शन, अवकलज म्हणजे डेरिव्हेटिव्ह, निश्चयक म्हणजे डिटरमिनंट अशी जोडी लिहीत जा. व्हिडिओतील शब्द आणि आपल्या मनातील कल्पना जुळेपर्यंत विषय परका वाटतो. दुसरी रेडियनची, म्हणजे अंशांप्रमाणेच कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककाची: साइन क्ष भागिले क्ष ची शून्याकडील सीमा १ येते, हे पडताळताना क्ष = ०.१ घेतल्यावर मला ०.०१७४५ मिळत होते आणि एक संपूर्ण संध्याकाळ त्यात गेली. कॅल्क्युलेटर अंशांवर (डिग्रीवर) होता. रेडियनवर नेताच ०.९९८ आले. ते आधीचे ०.०१७४५ म्हणजे पाय (π) भागिले १८० होय, हे लक्षात आल्यावर अवकलनात रेडियनच का वापरतात याचा उलगडा झाला.

प्रश्नकर्ता
आपले दोघांचेही मनापासून आभार. काल (क्ष³ − २७) ÷ (क्ष − ३) स्वतः सोडवले आणि सीमा २७ आली. मात्र क्ष ४ कडे जाताना (√क्ष − २) ÷ (क्ष − ४) येथे पुन्हा अडलो, कारण अंशाचे अवयव पडत नाहीत.

उत्तर १
२७ बरोबर आहे. येथे अंशाऐवजी छेदाकडे पाहा: क्ष − ४ म्हणजे (√क्ष − २)(√क्ष + २). तुमचा जुना वर्गांच्या वजाबाकीचा नियमच आहे, फक्त क्ष हा √क्ष चा वर्ग म्हणून पाहायचा. पुढची पायरी मी मुद्दाम लिहीत नाही. उत्तर १/४ यायला हवे. न आल्यास तुमची संपूर्ण मांडणी येथे उतरवा, म्हणजे नेमकी कोणत्या ओळीत चूक आहे ते दाखवता येईल.