पाऊस आला की अंगणातील दिवे जातात. तातडीने मदत हवी आहे

खळ्यातला_प्राजक्त
दापोली तालुक्यात आमचे वडिलोपार्जित घर आहे. यंदा उन्हाळ्यात पाखाडीच्या (पायऱ्यांच्या वाटेच्या) दोन्ही बाजूंना, जांभ्याच्या गडग्यावर आणि माडांच्या बुंध्याशी दिवे बसवून घेतले. मेअखेरपर्यंत सारे उत्तम चालले. पण मृगाचा पाऊस सुरू झाल्यापासून जोराची सर आली की सर्व दिवे एकदम जातात आणि दुसऱ्या दिवशी चांगले ऊन पडले की पुन्हा लागतात. काम करणारे गृहस्थ "दिवे हलके आहेत, सगळे बदला" एवढेच सांगतात. गणपतीत घर भरलेले असते आणि वयस्कर आत्या रात्री याच पाखाडीवरून ये-जा करते. कृपया कोणते दिवे घ्यावेत तेवढेच सांगा.

तारतंत्री
दिवे जातात तेव्हा एमसीबी (प्रवाह फार वाढला की पुरवठा तोडणारा स्विच) पडते की आरसीसीबी (प्रवाह जमिनीकडे गळला की पुरवठा तोडणारा स्विच)? घरातील दिवेही जातात का? बागेपर्यंत २३० व्होल्ट नेले आहेत की १२? केबल कोणती आहे आणि सांधे कुठे आहेत? हे कळल्याशिवाय दिवे सुचवणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे आहे.

सूर्यकिरण_सातारा
एवढा खटाटोप कशाला? सौर दिवे रोवा. आमच्या बंगल्याभोवती तेच आहेत. ना वायर, ना खोदकाम, ना बिल.

कोकणी_बागायतदार
सूर्यकिरण, माणदेशाच्या उन्हात ते चालतील. आमच्याकडे आषाढात कित्येक दिवस सूर्य दिसत नाही आणि पोफळींच्या सावलीत तर एरवीही लहान पॅनल पुरेसे भरत नाही. गणपतीत उजेड हवा असेल तर त्यावर विसंबू नका.

खळ्यातला_प्राजक्त
आरसीसीबी पडते, हे आज पाहिले. तिच्यावर ३० एमए (मिलिअँपिअर) असे लिहिले आहे. घरातील दिवे चालू राहतात. पुरवठा २३० व्होल्टचा आहे आणि दिव्यांवर आयपी६५ छापलेले आहे. सांधे कुठे आहेत ते मला माहीत नाही, पण माझा प्रश्न दिव्यांचा आहे, सांध्यांचा नव्हे.

तारतंत्री
ताई किंवा दादा, प्रश्न बहुधा सांध्यांचाच आहे. आयपी६५ याचा अर्थ दिव्यात धूळ शिरत नाही आणि पाण्याचा फवारा बसला तरी तो टिकतो. साचलेल्या पाण्यात बुडून राहण्याची हमी त्यात नाही, आणि दिव्याबाहेर जी वायर दुसऱ्या वायरीला जोडली आहे तिच्याविषयी तर तो अंक काहीच सांगत नाही. जमिनीतल्या पाइपात पावसाळ्यात पाणी भरतेच. त्यात टेप गुंडाळलेला सांधा असेल, तर पाणी आत शिरते, प्रवाह जमिनीकडे झिरपतो आणि आरसीसीबी पुरवठा तोडते. ऊन पडून सांधा सुकला की सगळे पुन्हा सुरळीत दिसते. ती पडते म्हणजे आपले काम चोख करते आहे, म्हणून "तिला बायपास करतो" असे कोणी म्हणाले तर कृपया करू देऊ नका. ओल्या जमिनीवर अनवाणी चालणाऱ्या माणसाचे रक्षण तीच करते.

परवानाधारक वायरमन बोलवा. पुरवठा बंद करून, दिवे आणि त्यांचे ड्रायव्हर (एलईडीला योग्य वीज देणारे डबे) सोडवून, त्याने केबलचा प्रत्येक टप्पा ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) तपासावा. एक मेगओहमच्या खाली आलेला टप्पा खराब समजा. हे काम पाऊस पडून गेल्यावर लगेच करावे, कारण कोरड्यात दोष लपतो.

बारा_व्होल्ट
मुळात बागेत २३० व्होल्ट नेऊच नयेत. पडवीत ट्रान्सफॉर्मर बसवा आणि पुढे १२ व्होल्ट न्या. मग सांधा भिजला तरी जिवाला धोका नाही.

तारतंत्री
सुरक्षिततेचा मुद्दा मान्य आहे, पण अंतराचे काय? टोकाशी ६० वॅटचा भार आणि ३० मीटर अंतर धरा. १२ व्होल्टला ५ अँपिअर प्रवाह लागतो आणि दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये जाऊन-येऊन सुमारे साडेतीन व्होल्ट वाटेतच जातात. शेवटचे दिवे मिणमिणतील.

बारा_व्होल्ट
मग २४ व्होल्ट घ्या आणि चार चौरस मिलिमीटरची केबल टाका. प्रवाह निम्मा होतो आणि वाटेत पाऊण व्होल्टही जात नाही. जाड केबलचा खर्च एकदाच होतो. मात्र कमी व्होल्टेजलाही भिजलेले सांधे गंजतात, म्हणून ते नीट करावेच लागतील.

काजवेमित्र
दिवे कोणत्या रंगाचे आहेत, हे कोणी विचारलेच नाही. पांढऱ्या, निळसर प्रकाशाकडे किडे अधिक येतात. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर प्रकाश घ्या. पावसाच्या तोंडावर काजवे लुकलुकून जोडीदार शोधतात आणि बागेतल्या उजेडात त्यांची ती खूण हरवते, म्हणून माडांवर खालून टाकलेले झोत मे-जूनमध्ये बंदच ठेवावेत. घर आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यालगत असेल तर समुद्राकडे तोंड केलेला एकही दिवा नको, कारण कासवाची पिल्ले उजेडाच्या दिशेने वळतात आणि पाण्यापासून दूर जातात.

खळ्यातला_प्राजक्त
घर किनाऱ्यापासून आत आहे, तरी माडांचे झोत वेगळ्या स्विचवर घेईन.

आज वायरमनने मेगर लावला. विहिरीजवळ जमिनीतल्या चौकोनी डब्यात काळी टेप गुंडाळलेला सांधा सापडला. टेप सोडवताच आतून पाणी ठिबकले आणि तांबे हिरवे पडलेले होते. त्यापुढचा टप्पा सोडवल्यावर संध्याकाळच्या सरीत बाकीचे दिवे चालू राहिले. दिवे बदलायची गरज नाही, असे दिसते. आता त्याच पाइपातून नवी केबल ओढू का?

तारतंत्री
ओढा, पण पाइपात पाणी राहणारच असे धरून जमिनीखाली टाकण्यायोग्य आवरणाची केबल घ्या आणि मध्ये सांधा ठेवू नका. जोडणी गडग्यावर, जमिनीपासून वीतभर तरी वर, आयपी६६ च्या डब्यात करा आणि केबल ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) खालच्या बाजूने आत घ्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी डब्यात शिरणार नाही. खाऱ्या हवेत साधे स्क्रू टिकत नाहीत. ते ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे मागून घ्या. पाखाडीसाठी आणि माडांसाठी स्वतंत्र आरसीसीबी लावा, म्हणजे माडाजवळ पाणी शिरले तरी पायऱ्यांवरचा उजेड जाणार नाही.