नागपूरच्या उन्हात सुपरचार्जरच्या छोट्या गाडीला कोणता इंटरकूलर बसवावा?

धंतोलीकर : माझ्याकडे परदेशातून आणलेली २००५ ची मिनी कूपर एस आहे. तिच्या १.६ लिटर इंजिनाला ईटनचा एम ४५ सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) असून दाबल्याने तापलेली ती हवा निववणारा मूळ इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर, बॉनेटच्या स्कूपखाली (हवा आत घेणाऱ्या तोंडाखाली) बसतो. व्हेरायटी चौकात दोन मिनिटे थांबले की निघताना गाडी जड वाटते. त्याच जागी मोठा टॉप-माउंट, गाडीच्या तोंडाशी बसणारा फ्रंट-माउंट की पाण्याने निववणारा घ्यावा?

वर्धारोडवासी : मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असताना पूर्ण जोरात सुपरचार्जरमधून निघणारी हवा शंभर अंशांपलीकडे जाते, आणि हवेवर चालणारा कोणताही इंटरकूलर तिला बाहेरच्या तापमानाखाली आणू शकत नाही. फ्रंट-माउंटला थंड हवा मिळते हे खरे, परंतु तो एसीच्या कंडेन्सरची (एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीची) हवा अडवतो. आपल्याकडे हा सौदा मला तरी परवडणारा वाटत नाही. मोठा टॉप-माउंट घ्यावा. इंटरकूलरच्या गाभ्याचे दोन प्रकार मिळतात. बार-अँड-प्लेटचा (पट्ट्या आणि पत्र्यांचा) गाभा जड असल्याने उशिरा तापतो, पण निवायलाही वेळ घेतो. सिग्नलांच्या शहरात हलका ट्यूब-अँड-फिन (नळ्या आणि पातळ पात्यांचा) बरा.

जुना_गॅरेजवाला : पाण्यावरचा छोट्या धावेत उत्तम, मात्र अमरावती रोडवर सलग रेटल्यास तेच पाणी तापते, शिवाय पंप आणि वेगळा रेडिएटर सांभाळावा लागतो. खरेदीआधी इंटरकूलरच्या दोन्ही बाजूंचे रबरी बूट, म्हणजे हवेच्या वाटेवरचे जोड, तपासावेत; ते फाटले तर दाबाची हवा गळते आणि गाडी जड वाटते.

धंतोलीकर : आज बूट काढले. एकाला नखभर चीर निघाली, खाली तेलाचा ओघळही होता. आधी बूट बदलतो.