रॉबेर माकेरचं जुनं चित्र: मूळ छाप की नुसतं पेपरातलं पान?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. मावसबहिणीने पॅरिसहून एक जुनं व्यंगचित्र पाठवलंय. वर 'कारिकात्युराना' असं छापलंय, खाली दोमिए आणि फिलिपाँ ही नावं. तिरकी टोपी आणि हनुवटीपर्यंत गुंडाळलेला गळपट्टा अशा थाटातला एक धिप्पाड माणूस, शेजारी त्याचा काटकुळा सोबती. पाठीमागे फ्रेंच मजकुराचे रकाने आहेत, ते पुढूनही किंचित दिसतात. इथला फ्रेमवाला म्हणतो, पेपरातलं पान आहे, हार्डबोर्डवर चिकटवलं की मागचं दिसणार नाही. चिकटवू का? आणि हा फ्रेंच व्यंगचित्रकार दोमिए राजाचं चित्र काढून तुरुंगात गेला असं वाचलं होतं. मग यात राजा कसा नाही?

जुनीपाने
चिकटवू नका! आधी भिंग घेऊन बघा. सारख्या अंतरावरचे बारीक ठिपके दिसले तर नंतरची नक्कल. खडूचे ओबडधोबड कण दिसले तर दगडावरून छापलेलं.

शिळाछाप
जुनीपाने म्हणतात ते अगदी बरोबर. मी बरीच वर्षं शिळाछाप शिकवली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मागचा मजकूर हा दोष नाही, ती चित्राची ओळख आहे. ही चित्रं ज्यात छापली जात ते 'ल शारिवारी' हे चार पानी दैनिक शार्ल फिलिपाँने १ डिसेंबर १८३२ ला सुरू केलं. तिसऱ्या पानावर चित्र आणि त्याच्या पाठीला चौथ्या पानाचा मजकूर, अशी रचना असे. काही प्रती जाड पांढऱ्या कागदावर, मागे कोऱ्या काढत. संग्राहक त्यांना जास्त मोल देतात. मला स्वतःला मजकुराचीच प्रत आवडते. लोकांच्या हातात पोचली ती हीच.

'नुसतं पेपरातलं पान' हे तर मला अजिबात मान्य नाही. दोमिए तेलकट खडूने थेट चुनखडीच्या दगडावर काढायचा, तेही उलटं. मग डिंक आणि सौम्य आम्लाचा हात द्यायचा, दगड ओला ठेवायचा, रूळ फिरवायचा. शाई फक्त तेलकट रेघेला धरते. छपाई संपली की दगड घासून पुढच्या चित्राला घेत. म्हणजे याचं वेगळं 'मूळ चित्र' कुठल्या भिंतीवर टांगलेलं नसतं. तुमच्या हातातला कागद हीच त्याची कलाकृती.

आता राजा. १८३० च्या क्रांतीनंतर लुई-फिलिप गादीवर आला आणि नव्या सनदेत लिहिलं गेलं की सेन्सॉरशिप पुन्हा कधीही येणार नाही. फिलिपाँच्या चित्रकारांनी तो शब्द खरा मानला. १८३१ च्या नोव्हेंबरात फिलिपाँवर खटला चालला, तेव्हा त्याने कोर्टात राजाच्या चेहऱ्याची पायरीपायरीने नासपती होताना दाखवली आणि विचारलं की यातल्या नेमक्या कुठल्या चित्राला शिक्षा देणार? शिक्षा झालीच. पण पॅरिसच्या भिंतींवर पोरंसोरं नासपती काढू लागली. त्याच डिसेंबरात दोमिएचा 'गार्गान्तुआ' (फ्रेंच कथेतला खादाड राक्षस) आला: खुर्चीत बसलेला अगडबंब राजा, गरिबांच्या पैशांच्या टोपल्या फळीवरून थेट त्याच्या तोंडात जाताहेत. दोमिएला सहा महिने कैद, ५०० फ्रँक दंड. मुद्रक आणि प्रकाशकालाही कोर्टात उभं केलं. मुद्रकच घाबरला तर चित्रकार काय करणार, हे सरकारला नीट कळत होतं.

१८३४ च्या एप्रिलमध्ये सैनिकांनी पॅरिसमधल्या त्रान्सनोनँ गल्लीतल्या एका घरात शिरून रहिवाशांना मारलं. दोमिएने पलंगाला टेकून कोसळलेला रात्रीच्या सदऱ्यातला माणूस काढला, त्याच्या देहाखाली मेलेलं मूल. त्यात नासपती नाही, फुगवलेलं पोट नाही, कुणाचीही टिंगल नाही. व्यंगचित्रकाराने व्यंग बाजूला ठेवून केलेलं याहून मोठं काम मला माहीत नाही. वृत्तपत्रांचे दंड भरायला वर्गणीदारांसाठी जी मासिक चित्रं काढली जात, त्यांतलं हे शेवटचं.

जुलै १८३५ मध्ये राजावर जीवघेणा हल्ला झाला आणि सप्टेंबरात कायदा आला. लेखाला आधी परवानगी लागणार नव्हती, चित्राला लागणार होती! सरकारचा युक्तिवाद असा की सनदेने मतांना स्वातंत्र्य दिलंय, पण चित्र डोळ्यांशी बोलतं, ते मत नसून कृती आहे. वाचता न येणाऱ्यालाही ते कळतं, भीती तीच होती.

म्हणून १८३६ पासून राजाऐवजी रॉबेर माकेर, तुमच्या चित्रातला तो धिप्पाड माणूस. मुळात नाटकातला हा बदमाश. फिलिपाँच्या कल्पना आणि संवाद, दोमिएचं चित्र. पहिल्याच चित्रात तो सोबती बेर्त्रांला म्हणतो, बँक काढूया, अब्जावधींचे शेअर्स विकूया. पुढे वकील, डॉक्टर, दलाल, तो सगळं होतो. राजाचं नाव घ्यायची बंदी, पण त्याच्या राज्यात फोफावलेली लबाडी छापून येत होती. दोन वर्षांत अशी १०० चित्रं आली.

कृष्णाकाठ
ताई, मनापासून आभार. भिंगातून कणच दिसताहेत, ठिपके नाहीत. मागे नाटकांच्या जाहिराती आहेत. फ्रेम कशी करू?

शिळाछाप
छान! मग शारिवारीचीच प्रत असावी. आम्लमुक्त माउंट सांगा, वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या खळीने लावायच्या, बाकी कागद मोकळा. काच चित्राला टेकता कामा नये. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर अजिबात लावू नका, बुरशीचे तपकिरी डाग पडतात. आणि चित्राखालच्या संवादाचा स्पष्ट फोटो इथे टाका. तो वाचला की शंभरातलं कितवं ते शोधता येईल.

जुनीपाने
एक भर घालतो. लंडनच्या 'पंच'ने १८४१ मध्ये स्वतःला 'लंडन शारिवारी' म्हणवून घेतलं, आणि त्या 'पंच'च्या धर्तीवर मुंबईत 'पारसी पंच' निघालं. फोटोची वाट बघतोय.