सीआरपी, ईएसआर आणि सीए-१२५ वरून एंडोमेट्रिओसिसचे निदान होऊ शकते का?

लातूरची_ताई
माझी धाकटी बहीण २१ वर्षांची असून वसतिगृहात राहून शिकते. चौदाव्या वर्षापासून पाळीचे पहिले तीन दिवस ती अंथरुणातून उठू शकत नाही, आणि गेल्या वर्षभरापासून त्या दिवसांत शौचाच्या वेळीही तिला असह्य कळा येतात. मागच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात न्यावे लागले, तेव्हा रक्त तपासले. सीआरपी ३.१, ईएसआर ३४ (या दोन्ही शरीरातील दाह म्हणजे सूज दाखवणाऱ्या चाचण्या), हिमोग्लोबिन ९.४ आणि सीए-१२५ (रक्तातील एक प्रथिन) ४८ आले. पोटावरून केलेली सोनोग्राफी नॉर्मल आहे. एका डॉक्टरांनी ईएसआर आणि सीए-१२५ पाहून एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) जवळजवळ पक्का केला. दुसऱ्यांनी सीआरपी व सोनोग्राफी पाहून ‘काही नाही, लग्नानंतर थांबेल’ असे सांगितले. आता एक प्रयोगशाळा इंटरल्यूकिन-६ (दाहात वाढणारे एक द्रव्य) आणि न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट (दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे) गुणोत्तर असलेले पॅकेज सुचवत आहे. ते करून घ्यावे का?

सूक्ष्मदर्शक
मी नांदेडला प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून फक्त आकड्यांविषयी लिहितो. हिमोग्लोबिन ९.४ असताना ईएसआर ३४ येणे यात नवल नाही, कारण रक्तक्षयात तांबड्या पेशी लवकर खाली बसतात आणि शरीरात कोठेही सूज नसली तरी हा आकडा वाढतो. सीए-१२५ ची नेहमीची मर्यादा ३५ असली तरी पाळीच्या दिवसांत तो निरोगी स्त्रीतही वाढू शकतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशी घेतलेल्या नमुन्यातील ४८ वर फार काही उभे करता येणार नाही. आणि ज्या गुणोत्तरासाठी पैसे मागितले जात आहेत, ते तुमच्या सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) कागदावरच आहे: न्यूट्रोफिलच्या टक्केवारीला लिम्फोसाइटच्या टक्केवारीने भागले की झाले.

घाटीरोड
मी स्त्रीरोगतज्ज्ञ असून छत्रपती संभाजीनगरला काम करते. हा आजार दाहाचा आहे हे खरे, परंतु तो दाह प्रामुख्याने ओटीपोटात असतो. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या ऊतींचे ठिपके बाहेर रुजतात, दर महिन्याला तेथे रक्तस्राव होतो, त्यातील लोह साचते, मॅक्रोफेज नावाच्या सफाई करणाऱ्या पेशी जमतात आणि इंटरल्यूकिनसारखी द्रव्ये पोटातील द्रवात वाढतात. रक्तात पोहोचेपर्यंत ती इतकी विरळ होतात की साध्या विषाणूजन्य तापाने होणारी वाढही त्यांना झाकून टाकते. सीआरपी नॉर्मल असूनही आतडे चिकटलेल्या रुग्ण आम्ही पाहतो.

सीए-१२५ विषयी २०१६ च्या एका एकत्रित विश्लेषणात असे आढळले की ३० किंवा अधिक ही मर्यादा धरल्यास आजार असलेल्या शंभरपैकी सुमारे ५२ जणीच सापडतात, आणि आजार नसलेल्या शंभरपैकी ९३ जणींचा आकडा त्याखाली राहतो. म्हणजे वाढलेला आकडा संशय वाढवतो, पण नॉर्मल आकडा कोणालाही निर्दोष ठरवत नाही. शिवाय आपल्याकडे पोटाच्या क्षयरोगातही तो बराच वर जातो, हे विसरून चालणार नाही. त्याच वर्षीच्या कॉक्रेन (वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणारी संस्था) आढाव्यात १४१ अभ्यास व १२२ रक्तनिर्देशक तपासले गेले. त्यांतील एकही निदानासाठी पुरेसा ठरला नाही. युरोपातील एश्रे या मानवी प्रजननविषयक संस्थेची २०२२ ची मार्गदर्शिकाही निदानासाठी रक्तनिर्देशक वापरू नयेत असेच सांगते. तेव्हा पॅकेज नको.

माझ्या मते तुमच्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष कोणत्याच अहवालात नाही. तो शौचाच्या वेळच्या कळांचा आहे. गर्भाशयामागील खोल आजारात हे लक्षण दिसते आणि पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत असा आजार सहसा सुटतो. अविवाहित मुलीत योनिमार्गे तपासणी नको असल्यास या आजाराचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाकडून श्रोणीचा (ओटीपोटाचा) एमआरआय करून घ्यावा.

गोदाकाठ_परभणी
मी रुग्ण आहे. ‘सीआरपी नॉर्मल’ या दोन शब्दांवर माझी सहा वर्षे गेली, आणि शेवटी डाव्या बीजकोशात चॉकलेट सिस्ट (या आजारात होणारी, जुन्या रक्ताने भरलेली गाठ) सापडली. मी नंतर वहीत पाळीची तारीख, दुखण्याची जागा, घेतलेल्या गोळ्या आणि बुडालेले दिवस लिहीत गेले. ती वही डॉक्टरांनी माझ्या सगळ्या रिपोर्टपेक्षा जास्त वेळ वाचली.

लातूरची_ताई
आपणा सर्वांची आभारी आहे. एक विचारायचे राहिले. बीडच्या आत्याबाई म्हणतात की पुढेमागे पिशवी (गर्भाशय) काढली की त्रास संपेल. एमआरआयही स्वच्छ आला, तर मग दुर्बिणीची शस्त्रक्रिया करावीच लागेल का?

घाटीरोड
पिशवी काढण्याचा विषय या वयात मनातही आणू नये. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला होता, हे आत्याबाईंना आठवत असेल. बाहेर रुजलेल्या ऊती तशाच राहिल्या तर पिशवी काढूनही दुखणे उरते.

दुर्बीण लगेच आवश्यक नाही. एमआरआय स्वच्छ असला तरी लक्षणांवरून उपचार सुरू करता येतात: पाळीच्या वेळी वेदनाशामक आणि, तिला चालत असल्यास, डायनोजेस्ट किंवा संप्रेरकांच्या इतर गोळ्या. त्यांनी गुण आला नाही, तर दुर्बिणीचा विचार करावा. हिमोग्लोबिनसाठी लोहाच्या गोळ्या मात्र आजच डॉक्टरांना विचारून सुरू करा. त्यासाठी कोणत्याही निदानाची वाट पाहायला नको.