शाळेच्या आवारात निसर्गवर्ग: सुरुवात कोठून करावी?

प्रश्न: आमच्या विद्यार्थ्यांना मैदानाच्या कोपऱ्यात झाडाखाली वर्ग आणि त्यालगत पक्षी-फुलपाखरांसाठी अधिवास तयार करायचा आहे; प्रथम काय करावे?

उत्तर १: लागवडीची घाई न करता मुलांना आधी ऊन, सावली आणि पाण्याचा निचरा यांची नोंद करू द्यावी. केवळ फुलझाडे पुरत नाहीत, कारण बहुतेक सुरवंटांना ठरावीक झाडांचीच पाने लागतात. आमच्या लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली, तेव्हा सारा वर्ग श्वास रोखून पाहत होता.

उत्तर २: पाणवठा उथळ असावा, त्यात खडबडीत दगड ठेवावा आणि डासांची पैदास टाळण्यासाठी दर २-३ दिवसांनी पाणी बदलावे. कीटकनाशके कटाक्षाने टाळावीत.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. वाळका पाला झाडून टाकावा का?

उत्तर १: बसण्याच्या जागेपुरताच, इतरत्र तो गांडुळांचा आसरा असतो.