चकलीची भाजणी: वाट्यांचं प्रमाण किलोत कसं बसवायचं?

चकलीभूक
काकूने फोनवर प्रमाण सांगितलं: तांदूळ ४ वाट्या, हरभरा डाळ २, उडीद डाळ १, मूग डाळ अर्धी, पातळ पोहे १, धणे अर्धी, जिरे पाव. वाटी कुठली विचारलं तर म्हणाली, "आमटीची." मी बंगळुरात. सामान ऑनलाइन मागवतो, तिथे सगळं ग्रॅममध्ये. गिरणीवाला दोन किलोच्या खाली दळून देत नाही. मग एक वाटी म्हणजे पाव किलो धरून चालेल का? तांदूळ १ किलो, हरभरा डाळ अर्धा, उडीद पाव, पोहेही पाव?

वाटीवाला
वजन हवंच कशाला? प्रमाण वाटीचं आहे, वाटीऐवजी मोठा डबा घे. सगळं त्याच डब्याने मोजलं की झालं.

फराळवाली_डोंबिवली
वाटीवाले, तुमचं खरं आहे, पण त्याला सामान आधी मागवायचंय ना! पोहे डब्याने मोजायला आधी घरात यायला हवेत.

चकलीभूक, तुझा हिशोब तांदूळ आणि डाळींपुरता बरोबर आहे, पोह्यांना फसलास. माझी वाटी पाण्याने भरली की पाणी २०० ग्रॅम भरतं. तिच्यात तांदूळ साधारण १६५ ग्रॅम बसतात, डाळीही १६५ ते १७०. म्हणून त्यांचं वाटीचं प्रमाण किलोत तसंच उतरतं. पातळ पोहे मात्र त्याच वाटीत जेमतेम ५०. पाव किलो घातलेस तर काकूने सांगितलेल्याच्या तिपटीहून जास्त होतील! धण्यांचंही तेच. वाटीभर धणे ६५च्या आसपास, त्यामुळे 'अर्धी वाटी म्हणजे सव्वाशे ग्रॅम' म्हणशील तर चकलीला मसाल्याचा वास मारेल.

तर मागव असं: तांदूळ १ किलो, हरभरा डाळ अर्धा किलो, उडीद डाळ पाव, मूग डाळ १२५ ग्रॅम, पातळ पोहे ७५, धणे ५०, जिरे ३०. बेरीज दोन किलोच्या थोडी वर जाते, गिरणीवाल्याची तक्रार नको. पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे झाले तर चकलीला कळत नाही. ऑर्डरच्या चकल्या करते, म्हणून ठामपणे सांगते.

खरी गंमत पुढे आहे. दळून आलेलं पीठ वाटीने मोजताना सैल भरलं तर ९५ ग्रॅम, ठोकून भरलं तर १२०. उकड काढायला वाटीला वाटी पाणी घेणार असशील तर दोन्ही वेळा पीठ एकसारखंच भर, नाहीतर एक घाणा छान आणि पुढचा सोऱ्यातून पडताना तुटतो. मी पीठ आधी चाळते, चमच्याने वाटीत घालते, वरून सुरीने सपाट करते.

कपबशी
परदेशी पाककृतींतले कपही एकसारखे नसतात. अमेरिकन कप साधारण २४० मिली, मेट्रिक २५०, राइस कुकरबरोबर येतो तो १८०. नानकटाईला मैदा कपाने मोजताना मी तर सरळ काटाच वापरते.

जुनं_माप
आमच्या आजोळी धान्य मापट्या-चिपट्याने मोजायचे. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली. हा शेर मापाचा. वजनाचा शेर वेगळा, ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम. हा घोळ आजचा नाही!

चकलीभूक
काकू, यादी टाकली ऑर्डरला. एकच विचारतो, वजन भाजण्याआधी करायचं की नंतर?

फराळवाली_डोंबिवली
आधी. धुण्याच्याही आधी, कोरडं असताना. भाजल्यावर ओल जाऊन वजन उतरतं, आणि प्रत्येक जिन्नसाचं वेगळं उतरतं. पोहे धुऊ नकोस, नुसते भाज. गिरणीवाल्याला सांग, भाजणी गव्हावर दळू नको, तांदळावर किंवा हरभऱ्यावर दळ.