हातानं घडवणाऱ्यांनो, तुम्हाला सुचतं कुठून?

प्रदर्शनात हातानं केलेली वस्तू उचलली की लोक आधी किंमत विचारतात, मग किती दिवस लागले ते. हे असंच का केलंत, असं फारसं कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा. महाराष्ट्रात विणणारे, घडवणारे, रंगवणारे जे कुणी वाचत असतील त्यांनी लिहावं, की काम करताना सुचतं कुठून आणि ठरतं कसं. 'निसर्ग आणि परंपरा' हे स्टॉलवरच्या पत्रकात छापलेलं असतंच, ते सोडून बोला.

सुरुवात माझ्यापासून. मी गोधड्या शिवते. रंगसंगती मी ठरवत नाही, घरातल्या जुन्या लुगड्यांनी ती आधीच ठरवलेली असते. माझ्या हातात फक्त धावदोरा. कापड विरलेलं असेल तिथे टाके आपोआप दाट पडतात आणि बघणाऱ्यांना ती नक्षी वाटते. मीही काही बोलत नाही.

पैठणी, येवला

ताई, आमच्यात नक्षी बरीचशी ठरलेलीच असते. काठ नारळी नाहीतर मुनिया म्हणजे पोपटांचा, पदरावर बांगडी मोर, आसावली म्हणजे फुलांची वेल, कमळ. कमळ अजिंठ्याच्या चित्रांतून आलं असं सगळे सांगतात, मी मात्र ते सासूबाईंच्या मागावर शिकले. नक्षीचा कागद ताण्याखाली, म्हणजे उभ्या धाग्यांखाली ठेवायचा आणि जिथे जो रंग हवा तिथे त्या रंगाची कांडी हातानं फिरवायची. मोर विणताना कांड्यांचा नुसता गुंता दिसतो, नवीन माणूस घाबरतोच. दोन रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवून परत फिरवायचे, म्हणून हातमागावरच्या पदराची नक्षी उलटीकडूनही सुलटीसारखीच दिसते. घेताना पदर उलटा करून बघत जा. मागे सुटे धागे लोंबत असतील तर दुकानदाराला दोन प्रश्न जास्त विचारा.

मग माझं काय? मोराची मान. निळ्याशेजारी हिरवा ठेवायचा की जांभळा, हे कागद सांगत नाही. ताणा एका रंगाचा आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, दुसऱ्या रंगाचा असला की साडीच्या अंगावर धूपछाव खेळते, त्या अंगाला शोभेल अशी मान शोधावी लागते. गिऱ्हाईक मोबाइलवर फोटो पाठवतं, 'अगदी असाच मोर पाहिजे'. मी मान तेवढी बदलते. अजून कुणी तक्रार केलेली नाही.

कोल्हापुरी चप्पल, कोल्हापूर

आमचं सगळं चामड्यावर. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं असेल तर त्याचा रंग त्याच्याकडंच असतो, वरनं काय फासायला लागत नाही. कान म्हणजे बाजूच्या पाकळ्या केवढ्या काढायच्या, वेणी किती बारीक घालायची ते घरात आई ठरवते, कारण वेणी तीच घालते. कारागीर म्हणून नाव मात्र वडलांचं.

2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, हे आपल्या लोकांना सांगितलं की राग येतो. 2025 मध्ये आमच्या घाटाची चप्पल मिलानच्या रॅम्पवर दिसली, तेव्हा पुण्या-मुंबईची पोरं विचारायला लागली. आता सुचायचं म्हणाल तर या पोरांमुळंच काहीतरी सुचतंय. त्यांना वजन कमी पाहिजे, तळ मऊ पाहिजे आणि करकर आवाज पण पाहिजे. तिन्ही एकदम कसं द्यायचं त्यावर डोकं चालू आहे.

तंबोरा आणि सतार, मिरज

आमचे पूर्वज शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. संस्थानात तलवारीचं काम कमी झालं आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले. तेव्हापासून गल्लीत हेच. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला मानांकन मिळालं, तेव्हा पेढे वाटले.

तुम्ही विचारता सुचतं कुठून. आधी भोपळा सांगतो. तो पंढरपूर-सोलापूर भागातून येतो, तिथले शेतकरी मुद्दाम वाद्यांसाठी लावतात. चांगला वाळवायचा, कापायचा, आतून साफ करायचा. मागणी देऊन हवा तसा भोपळा मिळत नाही. ज्याचा घेर मोठा तो पुरुष गायकाच्या तंबोऱ्याला, लहान तो बाईच्या. एका बाजूला जरा चेपलेला असेल तर दांडीचा सांधा कसा बसवायचा याचा विचार तिथूनच सुरू.

पण खरा जीव जवारीत, म्हणजे तारेच्या गुंजण्यात. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा सपाट दिसतो, तो सपाट नसतो. त्याला अगदी हलका उतार द्यायचा, म्हणजे तार सुटल्यावर त्या उतारावर घासत घासत वाजते आणि एका स्वरातून बाकीचे स्वर झरायला लागतात. कानशीनं एक हात मारायचा, तार चढवायची, ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा एक हात. जास्त घासलं की आवाज बसतो. शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा शोधायची. याला माप नाही. आणि समोर गाणारा बसला असेल तर अजूनच वेगळं. कुणाला जवारी खुली लागते, कुणाला बंद. मी त्यांना 'जरा सा लावा' म्हणतो आणि ऐकत ऐकत घासतो. तोच तंबोरा दुसऱ्या गायकाला दिला तर तो म्हणेल, हे काय केलंय!

खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथेच राहिले. ते 1937 मध्ये गेले, त्यांच्या स्मरणार्थ मिरासाहेबांच्या दर्ग्यात गाणं अजून होतं. त्या दिवसांत मी मांडवात बसून गाण्यापेक्षा मागचे तंबोरेच ऐकतो. बायको चिडते.

वारली, डहाणू तालुका

येवल्याच्या ताईंचं वाचून लिहितेय. आमच्याकडेही ठरलेलंच. लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं चौकोनी चित्र, सवाष्णी लिहायच्या, त्यात पालघाट देवी, आणि ते लग्नापुरतंच. रोज कागदावर चित्रं काढायला लागले ते जिव्या सोमा म्हसे, 1970 च्या दशकात. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. गेरूवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूची काडी, आणि माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. एवढ्यात सगळं बसवायचं.

माझं लक्ष त्या दोन टोकांच्या जागेवर असतं. वरचा त्रिकोण जरासा कलवला की माणूस वाकतो, ओझं उचलतो, तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य, त्याच्याभोवती नाचायला लागतो. भात लावणाऱ्या बायका काढते तेव्हा आधी बांधावर जाऊन बघते, कारण लावणीतलं वाकणं आणि कापणीतलं वाकणं वेगळं. शहरातले लोक ट्रेवर, कपावर, पडद्यावर तेच नाचाचं वर्तुळ मागतात. काढते, घर चालतं. उरलेल्या कागदावर बाकीचं.

गंजिफा, सावंतवाडी

दशावतारी गंजिफाचे 120 पत्ते, सगळे गोल. दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, वजीर आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत पानं. राजा काढताना सगळे खूश. कसोटी दश्शाची. मत्स्याचा दश्शा म्हणजे तळहाताहून लहान गोलात दहा मासे, आणि एकही गर्दीत अडकलेला दिसता कामा नये. मी कधी शेपट्या आत वळवतो, कधी बाहेर. खेळणारे फारसे उरले नाहीत, लोक फ्रेम करायला नेतात. दश्शा कुणी फ्रेम करत नाही, पण मी आधी तोच रंगवतो.

गणपती, पेण

सगळ्यांचं वाचलं, छान वाटलं. आमच्याकडे गिऱ्हाईकाला मागच्या वर्षी मुंबईत गाजलेल्या मूर्तीसारखीच मूर्ती हवी असते, त्यामुळे सुचायला वाव डोळ्यांच्या आखणीत. बाकी रंग कारखान्यातली पोरं देतात, आखणी मीच करतो. बुबुळ जरा खाली घेतलं की गणपती समोर बसलेल्या लहान मुलाकडे बघतो, वर घेतलं की दाराकडे. मूर्ती घरात कोनाड्यात बसणार की उंच मखरात, हे मी म्हणूनच आधी विचारून घेतो. शाडूला भेगा कशा जातात, पावसात मूर्ती कशा सुकवतो, तेही विचारलंय कुणीतरी. आता आखणीचे दिवस आहेत, मूर्ती रांगेत उभ्या आहेत. गणपती झाले की सविस्तर लिहितो.